मांगे सरक, भिका

१९ फेब्रुवारी १९८९

दुकान उघडून अगरबत्ती लावते तोच पहिलं गिऱ्हाईक. पारोळ्याकडचा माणूस, खांद्याला बाजाराची पिशवी. "निंबाआप्पानी नवी कॅसेट उनी का?" हे मान खाली घालून मशीनचं हेड पुसत बसले. शेवटी मीच सांगितलं, आप्पा पौषात गेले. तो काउंटरला धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "मंग जुनीच द्या." जुनी त्याच्याकडे असणारच. तरी घेऊन गेला.

तो गेल्यावर ह्यांनी कपाटातून आप्पांच्या रेकॉर्डिंगचं स्पूल काढलं आणि मागच्या खोलीत गेले ते जेवायलाच बाहेर. खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. भिंतींना सासूबाईंच्या गोधड्या, दारावर लाल दिवा, आणि आवाज येतो म्हणून पंखा कायम बंद. आत बसलं की माणूस वाफेवर शिजतो. तिथून आज दाराच्या फटीतून आप्पांचा बेंजो आला. दुकानात कुणी नव्हतं, मी रडून घेतलं. बरं वाटलं.

जेवायला भरीत, कळण्याची भाकरी. हे पूर्ण जेवणात एकदाच बोलले. "चांगलं झालंय." भरीत की आप्पांचं गाणं, विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

दोघांनी बसून पूर्ण स्पूल ऐकलं. दिवाळीनंतर आप्पा चार गाणी करायला आले होते. दोन पूर्ण आहेत. एकात नुसता बेंजो नि गुणगुणणं, "शब्द बादमा टाकसू" म्हणून गेले. चौथं झोक्याचं. ते खास आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेसाठी. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, तेव्हा कॅसेटचं दुकान म्हणजे जत्रा. त्याची दोनच कडवी झालीत. तिसरं सुचल्यावर येणार होते. आखाजी लांब आहे म्हणाले होते.

*निंबले बांधा झोका वं माय, झोका येस नि जास*
*मन्हा जीव मातर बहिनी, आठेच ऱ्हायी जास*

आप्पांचं सगळं असंच. दिवसभर जिनमध्ये कापसाच्या धुळीत काम, खोकला, आणि संध्याकाळी मांडीवर बेंजो. गाणी सगळी जिवाला लागणारी, पण ऐकताना पाय आपोआप हलतो. लोक चिडवायचे, आप्पा, तुमच्या गाण्यावर रडावं का नाचावं? ते म्हणायचे, "दोन्ही करा, पैसा तेच लागतस."

दुसऱ्या कडव्यात एक गंमत आहे. भिका ढोलकीवाला नेहमीसारखा सरकत सरकत माइकच्या तोंडाशी गेला. आप्पांना गाणं थांबवलेलं चालायचं नाही. म्हणायचे, गानं थांबाडं का ते रुसस. म्हणून त्यांनी गाता गाताच, त्याच चालीत, तालाला धक्का न लावता म्हटलं: "मांगे सरक, भिका!" आणि पुढची ओळ उचलली. मी दाराआड तोंडाला पदर लावून हसत होते ते आठवलं. आज हसू येईना.

हे म्हणाले, "हे कापावं लागेल." मी म्हटलं, कापाकापीचं नंतर. आधी जिजाअक्कांना विचारायचं.

४ मार्च, धुळे

जिजाअक्का म्हणजे आप्पांची बायको. आप्पांनंतर धरणगावचं घर बंद करून धुळ्यात मुलाकडे राहतात. माझं माहेर इथून दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझं येणं त्यांना काही नवं नाही. ह्यांनी स्पूलवरून एक कॅसेट भरून दिली होती, ती पर्समध्ये.

अक्का उडदाचे पापड लाटत होत्या. मीही बसले लाटायला. लाटता लाटता सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पापड पुरा केला. मग लाटणं बाजूला ठेवलं.

"अर्धं शे ना ते?"

"हो."

"मानूसले अर्धं ताट वाढीसन कोनी उठाडस का, सुशी?"

मी म्हटलं, निदान ऐका तरी. कॅसेट पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "घरमा तेस्ना आवाज नको. मी सैपाक कशी करसू?"

 कॅसेट पर्समध्ये परत. निघताना पापडाचं पुडकं हातात दिलं, वर म्हणाल्या, "राग नको लावू." राग कसला.

एस.टी.त विचार केला. अक्कांचं चुकत नाही. आप्पा साधं भजन म्हणायचं तरी आंघोळ करून बसायचे. त्यांचं अर्धवट काही लोकांपुढे जावं हे अक्कांना नको. पण मग ते दोन कडव्यांतले आप्पा कपाटात ठेवून आम्ही काय करणार? मला ते बाहेर यायला हवेत. त्यांच्याच आवाजात, आणि अक्कांच्या होकारानं. दोन्ही हवं. हावरटच आहे मी.

९ मार्च

गुलाबशेठ आले. धुळ्याचे, कॅसेटचे ठोक व्यापारी, आम्ही भरलेला माल तेच खेड्यापाड्यात पोचवतात. बडीशेप चघळत म्हणाले, एवढं रडताय कशाला, माझ्याकडे एक आर्केस्ट्रावाला आहे, डोळे मिटून ऐकलंत तर आप्पाच. त्याच्याकडून तिसरं कडवं भरून घ्या, गुणगुणण्यावर शब्द टाका, कुणाला कळणार आहे?

हे म्हणाले, "मला."

चहा मात्र शेठना दोनदा पाजला. माणूस वाईट नाही. धंद्याचा आहे.

१४ मार्च

शेवटी बोलावलाच त्या आर्केस्ट्रावाल्याला. सिल्कचा शर्ट, गळ्यात साखळी, येतानाच आरशात बघून आलेला. आवाज खरंच आप्पांसारखा. मी दचकलेच. तिसरं कडवं गुलाबशेठनी कुणाकडून तरी लिहून आणलेलं, त्यात "प्रियकरा" असा शब्द. अहिराणीत प्रियकरा! माझी आई ऐकती तर लाटणं घेऊन धावली असती.

गायला गोड. पण गाताना हसत होता. झोक्यावर बसलेली सासुरवाशीण म्हणते जीव इथेच राहतो, आणि हा दात दाखवतो. ह्यांनी टेप थांबवली, मशीन गरम झाली म्हणून सांगितलं, सरबत पाजून रवाना केला. मशीन थंडगार होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे खोटं बोलतात तेव्हा चष्मा पुसतात, एवढं मला कळतं.

अक्कांना शेजारच्या फोनवर विचारलं, दुसऱ्याच्या आवाजानं पूर्ण केलं तर? लाइनवर खरखर, दोनदा विचारावं लागलं. मग, "दुसरानी जीभ तेस्ना तोंडमा नको." फोन ठेवला.

म्हणजे अर्धं नको, नि दुसऱ्यानं पूर्ण केलेलं नको. बसा आता.

२७ मार्च

घरात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, कारखाना. सासूबाई पहाटेपासून ज्वारीचा घाटा ढवळतायत, गच्चीवर साड्या अंथरून बिबडे घातलेत, मी कावळे हाकलते. सा.बा. असोद्याच्या, त्यांची बोली वेगळी, माझी अहिराणी वेगळी. वीस गोष्टींवरून आमचं जुंपतं, त्यातल्या निम्म्या शब्दांवरून. आज घाट्यात मीठ कमी की जास्त यावरून. मीठ बरोबर होतं, हे मी त्यांना सांगणार नाही.

दुपारी ओल्या बिबड्याचा गोळा नि कच्चं तेल. स्वर्ग. आप्पांचा विषय दिवसभर निघाला नाही.

३० मार्च

सा.बा. बहिणीकडे असोद्याला गेल्या, बिबडे घेऊन. दोन दिवस घर शांत. मला करमेना, कुणाला सांगू नये.

११ एप्रिल

एक बाई आल्या, पहूरच्या. सोबत दोन सुना. म्हणाल्या, "ती भिकावाली कॅसेट द्या."

म्हटलं, कोणती भिकावाली?

थोरली सून लाजत लाजत म्हणाली, "ते नाही का, झोक्याचं. मांगे सरक, भिका." आणि चक्क चालीत म्हटलं! माझ्या हातातून पावतीपुस्तक पडलं. आप्पांचं गाणं, जे आमच्या कपाटाबाहेर कुठेच नाही, ते पहूरच्या सुनेच्या तोंडी.

ह्यांनी कपाट उघडून बघितलं. स्पूल जागेवर. मी पर्स उघडली. कॅसेट नाही.

१२ एप्रिल

चोर सापडला. घरातच होता.

सा.बां.ना विचारलं तर पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "मी नेली व्हती असोद्याले. मंग? मले आयकायचा व्हता आप्पाचा आवाज. तुमी दोघं कपाटाले कुलूप लावून बसले."

बहिणीकडे टू-इन-वन आहे. तिथे गल्लीतल्या बायका जमल्या. भाचीनं एक कॉपी मारली, तिच्या नणंदेनं दुसरी. नणंद दिली पहूरला. पुढचं देव जाणे.

"निदान विचारायचं तरी होतंत," मी म्हटलं.

"इचारलं असतं तं तू नको म्हनली असती."

ते खरं होतं. हे आत जाऊन मशीनशी बसले. मला वाटलं चिडले. पाणी द्यायला गेले तर खांदे हलतायत, हसत होते. मलाही हसू फुटलं. मग लक्षात आलं, अक्कांना हे कोण सांगणार, आणि दोघांचंही हसू आटलं.

२२ एप्रिल

भिका आला. लग्नसराई, डोळे सुजलेले, ढोलकी पाठीला. काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसला नि तक्रार सुरू.

"वहिनी, मन्हं जगनं मुश्कील करी टाकं. ज्या मांडवमा जास तठे पोरी बोंबलतस, मांगे सरक भिका! नवरदेवले कोनी देखस नही, मालेच देखतस."

म्हटलं, मग राग आला का?

"राग कसाना येस?" म्हणाला, आणि शर्टाची कॉलर नीट केली. सुपारी दुप्पट झाली असणार.

पण खरी मजा पुढे. पोरींना वाटतं भिका हा त्या सासुरवाशिणीचा नवरा! आखाजी संपत आली, तो तिला न्यायला आला, आणि ती झोक्यावरून त्याला म्हणते, मागे सरक, मी इतक्यात येत नाही. झोका मागे जातो तिथेच ते शब्द येतात, त्यामुळे त्यांना शंकासुद्धा नाही. आप्पांनी ढोलकीवाल्याला दिलेली तंबी ही गाण्यातली सगळ्यात लाडकी ओळ झालीय. भिका म्हणतो, काही ठिकाणी तर पोरी तिसरं कडवंही स्वतःच रचून म्हणतात. गावागणिक वेगळं.

आप्पा असते तर? पोट धरून हसले असते, की गाणं बिघडवलं म्हणून रुसले असते? मला खरंच सांगता येत नाही. एवढी वर्षं ओळखून.

२ मे

उकाडा. टेप मऊ पडू नये म्हणून ह्यांनी स्पूलचा डबा माठाशेजारी ठेवलाय, माझ्या कोथिंबिरीची जागा गेली. परवापासून माहेरी जाणार. माहेर म्हणजे धुळे, धुळे म्हणजे अक्का. ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला. म्हणाले, दुकान कोण बघेल. चष्मा पुसला.

आखाजी, धुळे

सकाळी आईकडे पितरांची घागर पुजली, वर डांगर, म्हणजे खरबूज. मांडे, आमरस. इतकं जेवले की बसवेना. तशीच अक्कांकडे.

त्यांच्याकडे आप्पांची पहिली घागर. कोपऱ्यात गहू पसरून त्यावर मातीची नवी घागर, सुताचे वेढे, डांगर. अक्का समोर बसलेल्या. मी नमस्कार केला. काय बोलावं ते एस.टी.पासून जुळवत होते.

आणि बाहेर गल्लीत झोका सुरू झाला. दारासमोरच्या निंबालाच. एक पोरगी उभी राहून झोका घेतेय, बाकीच्या हात धरून गातायत. निंबले बांधा झोका वं माय.  दुसरं कडवं आलं. "मांगे सरक, भिका!" आणि पोरींचा हा हशा. त्यानंतर तिसरं कडवं, जे आप्पांनी कधी केलंच नाही. त्यात सासूची नक्कल होती, बरी होती.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "हाई तेस्नं शे?"

मी सगळं सांगून टाकलं. सा.बा., असोदा, भिका, पहूर. रडले थोडी. त्या रागावल्या नाहीत. घागरीवरचं डांगर नीट केलं. मग म्हणाल्या, "ताट पोरीस्नी भरी टाकं आते. मी नही म्हनीसन काय व्हस." बाहेर पुन्हा हशा झाला. त्यांचा चेहरा बदलला. "पन लोके हासतस तेस्ले, सुशी. एवढी एकच गोट कर. ते भिकानं काढी टाका. तेस्नी चूक नको ऱ्हावाले."

म्हटलं, नक्की. शब्द दिला.

अर्धं राहिलं तर राहू दे, पण चूक नको. होकार आणि अट एकदमच. मी इतकी खूश होते की परतताना रस्त्यात आमरसाचा दुसरा डाव खाल्ला, मावशीकडे.

१२ मे

हे आत. ब्लेड, चिकटपट्टी, जीभ ओठांत धरलेली. टेपचा चार बोटं तुकडा कापून जोड असा बसवला की मलाही ऐकून कळला नाही. कापलेला तुकडा फेकला का, विचारलं. म्हणाले, "मास्टर नाही कापत मी कधी. कॉपीवर केलं." बरोबर. असला नवरा बघून दिला म्हणून वडिलांचे आभार, लिहूनच ठेवते.

३ जून

आली! आप्पांची कॅसेट. कव्हरवर बेंजो घेऊन बसलेले आप्पा, मागे निंबाचं झाड, ते चित्रकारानं वडासारखं काढलंय. दोन पूर्ण गाणी, गुणगुणण्याचं तसंच ठेवलं, आणि झोक्याचं दोन कडव्यांचं. शेवटी गाणं संपल्यावर बेंजोचा एक सूर लांबतो तोही ठेवला. गुलाबशेठनी गठ्ठे नेले. पहिली प्रत देवापुढे, दुसरी सा.बां.ना.

सा.बां.नी ऐकली. "चांगली हाये," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पन भिका कुठी गेला?"

दुर्लक्ष केलं.

१० जून

दुर्लक्ष करायला नको होतं.

आज तिसऱ्या माणसानं कॅसेट परत आणली. "हाई डुप्लिकेट शे. असली द्या, भिकावाली." मी सांगते, बाबा हीच असली, त्यांच्या घरच्यांनी दिलेली. तो मला समजावतो, वहिनी, तुम्हालाही कुणीतरी फसवलंय. असलीत मांगे सरक असतं. त्यावरूनच ओळखायचं!

म्हणजे असोद्याच्या टू-इन-वनवर मारलेल्या खरखरीत कॉप्या खऱ्या, आणि आमच्या स्टुडिओतून निघालेली स्वच्छ कॅसेट नकली. गुलाबशेठचा फोन. शेठ आधी ओरडले, मग हसले, मग पुन्हा ओरडले. खेड्यात परत आलेल्या गठ्ठ्यांवर लोक म्हणे लिहून पाठवतात, "भिका नाही."

हे म्हणाले, "मी जोड इतका छान बसवला होता." बिचारे.

१३ जून

शेठचं म्हणणं, मास्टर तसाच्या तसा छापा, आखाजी गेली तरी श्रावणात कानबाईचा सण येतोय, लग्नं आहेत. तयारीला एक दिवस लागेल. ह्यांचंही मन तिकडेच. आतून मी पण त्याच बाजूची. आणि तरी मी नाही म्हणाले. अक्कांना शब्द दिलाय. लोक काय, उद्या दुसरं गातील. अक्का तेवढ्या एकाच गोष्टीसाठी माझ्याकडे बघून बोलल्या होत्या.

शेठ फणफणत गेले. सा.बा. म्हणाल्या, "बरं केलं वं." त्यांनी माझी बाजू घेतली! आज तारीख लाल शाईनं लिहायला हवी होती.

फोन करून अक्कांना खरं ते सांगितलं. लोकांना ते हवंय, पण तुम्ही नको म्हणालात म्हणून थांबलोय. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "लोके कसाले हासतस ते माले समजस नही. मी येस. माले ऐकनं शे."

आप्पा गेल्यापासून अक्कांनी त्यांचा आवाज ऐकलेला नाही.

२५ जून

अक्का सकाळच्या गाडीनं आल्या, मुलानं बसवून दिलं. सा.बा. आणि त्या ओट्याशी भेटल्या. दोघींच्या बोल्या दोन, पण भाकरीच्या पिठावरून एक झाल्या. अक्का जेवल्या थोडंच. मग पदर सावरून म्हणाल्या, "चाला."

मागच्या खोलीत मी चटई टाकली. अक्का बसल्या, अगदी स्पीकरपुढे. भिका दर वेळी बसायचा जवळपास तिथेच. मी म्हणणार होते, अक्का, आवाज मोठा असतो. म्हटलं, राहू दे. हे मशीनपाशी, सा.बा. दारात. ह्यांनी मास्टर लावला, न कापलेला. मला म्हणाले होते, आधी कापलेला लावू. अक्काच म्हणाल्या, जसं शे तसं.

बेंजो सुरू झाला. अक्कांनी डोळे मिटले. आप्पांचा पहिला शब्द आला तेव्हा त्यांचा हात आपल्याच गुडघ्यावर घट्ट झाला, एवढंच. पहिलं कडवं गेलं. मी आप्पांना ऐकत नव्हते, अक्कांना बघत होते. दुसरं कडवं. झोका येस नि जास. आणि ते आलं. आप्पा, चालीतच, न चिडता, नेहमीच्या घाईत: "मांगे सरक..."

अक्का मागे सरकल्या.

डोळे मिटलेलेच. पदर गोळा करून, हात टेकून, वीतभर मागे. अशा सहज, की त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "भिका" हा शब्द नंतर आला. तोवर त्या सरकून बसल्या होत्या.

 सा.बा. दारातून उठून आत गेल्या. ह्यांनी मशीनवरचा हात काढलाच नाही, गाणं संपलं, पुढची कोरी टेप फिरत राहिली.

बऱ्याच वेळानं अक्कांनी डोळे उघडले. आपण कुठे बसलोय ते बघितलं, चटईची कड बघितली. म्हणाल्या, "पानी दे, सुशी." मी आणून दिलं.

काढायचं की ठेवायचं, आम्ही विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. आज मुक्कामाला आहेत. आत्ता सा.बां.सोबत ओट्यावर बसून मेथी निवडतायत. गुलाबशेठ उद्या येतो म्हणालेत, त्यांना काय सांगायचं ते माहीत नाही. मघाशी ह्यांनी विचारलं, स्पूल कपाटात ठेवू का. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मशीनवर."